ग्रीक-रोमन पुराणकथांचे शालेय अध्यापन (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हायस्कुलांत, म्हणजे साधारणतः नववी ते बारावीच्या वर्गांत, प्राचीन ग्रीस व रोम येथील देवदेवता, वीरपुरुष आणि सृष्टीची उत्पत्ती यांविषयीच्या कथा शिकविण्याची परंपरा. हा विषय बहुधा इंग्रजीच्या अभ्यासक्रमातील काही आठवड्यांचा घटक म्हणून, काही शाळांत स्वतंत्र ऐच्छिक विषय म्हणून आणि लॅटिनच्या वर्गात भाषेच्या जोडीने शिकविला जातो. तेथे शिक्षण हा राज्यांच्या व स्थानिक मंडळांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे देशभर लागू होणारा एकच अभ्यासक्रम नाही.

उगम : या अध्यापनाचा उगम कोठे मानावा याविषयी दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार त्याचे मूळ लॅटिन शिकविणाऱ्या जुन्या शाळांत आहे. बॉस्टन लॅटिन स्कूल ही शाळा १६३५ मध्ये स्थापन झाली. अशा शाळांतून महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी होत असे आणि त्या तयारीत व्हर्जिल व ओव्हिड या रोमन कवींचे वाचन ओघानेच येई. विसाव्या शतकात लॅटिन मागे पडली, तेव्हा तिच्याबरोबर येणाऱ्या कथा इंग्रजीच्या शिक्षकाकडे वारशाने आल्या, असे हे मत आहे. दुसऱ्या मतानुसार हा विषय मुळातच इंग्रजी साहित्याच्या वाचनासाठी तयार झाला. त्याचा आरंभ टॉमस बुलफिंच (१७९६–१८६७) याच्या ‘द एज ऑफ फेबल’ (१८५५) या पुस्तकापासून धरावा लागतो. बुलफिंच बॉस्टनमधील एका बँकेत कारकून होता. आपले पुस्तक विद्वानांसाठी नव्हे, तर इंग्रजी काव्यातील संदर्भ समजून घेऊ इच्छिणाऱ्या सर्वसामान्य स्त्रीपुरुष वाचकांसाठी आहे, असे त्याने प्रस्तावनेत म्हटले आहे. याच पुस्तकाच्या आधारे कॅलिफोर्निया विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक चार्ल्स मिल्स गेली यांनी १८९३ मध्ये ‘द क्लासिक मिथ्स इन इंग्लिश लिटरेचर’ हे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. माध्यमिक शिक्षणाची पुनर्रचना सुचविणाऱ्या ‘कमिटी ऑफ टेन’ या समितीचा अहवालही त्याच सुमाराचा आहे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे या समितीचे प्रमुख होते आणि लॅटिन, ग्रीक व इंग्रजी या विषयांचा विचार तिने स्वतंत्र परिषदांकडे सोपविला होता.

यांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. लॅटिनच्या वर्गात ओव्हिड वाचला जाई तो मुख्यतः व्याकरण, वृत्त आणि भाषांतर यांसाठी. देवांची वंशावळ, टायटनांचे (झ्यूसच्या आधीच्या पिढीतील देवांचे) युद्ध, ऑलिंपस पर्वतावरील बारा ऑलिंपियन दैवते असा क्रमवार आराखडा त्या वाचनातून उभा राहत नाही. हेसिअडचे ‘थिओगनी’ (इ. स. पू. सु. ७००) हे देववंशाचे मूळ ग्रीक काव्य तर लॅटिनच्या वर्गात येण्याचे कारणच नव्हते. आजच्या हायस्कुलातील या घटकाची मांडणी मात्र नेमकी त्याच क्रमाने होते आणि हा क्रम ओव्हिडच्या पोथीपेक्षा कथासंग्रहांच्या अनुक्रमणिकेशी जुळतो. तथापि दोन्ही प्रवाह पूर्णपणे वेगळे काढता येत नाहीत. बुलफिंच स्वतः बॉस्टन लॅटिन स्कूलचा विद्यार्थी होता आणि त्याच्या बहुतेक कथा ओव्हिड व व्हर्जिल यांच्याकडूनच आलेल्या आहेत. देवांची नावेही त्याने रोमन रूपांतच ठेवली.

विसावे शतक : १९०० च्या सुमारास सार्वजनिक हायस्कुलांतील निम्म्याच्या आसपास विद्यार्थी लॅटिन घेत असत. पुढे हे प्रमाण सतत घसरत गेले. १९६२ मध्ये या शाळांत लॅटिनचे सुमारे ७ लाख विद्यार्थी होते, ते १९७६ पर्यंत सुमारे दीड लाखावर आले. पुराणकथा मात्र इंग्रजीच्या तासात टिकून राहिल्या. याचे बरेचसे श्रेय एडिथ हॅमिल्टन (१८६७–१९६३) यांच्या ‘मिथॉलॉजी’ (१९४२) या संग्रहाकडे जाते. हॅमिल्टन या बॉल्टिमोर येथील ब्रिन मॉर स्कूल या मुलींच्या शाळेच्या १८९६ ते १९२२ पर्यंत प्रमुख होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी लेखनास वाहून घेतले आणि १९५७ मध्ये अथेन्स नगराने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. बुलफिंचच्या उलट त्यांनी ग्रीक नावांना आणि ग्रीक आधारांना प्राधान्य दिले. ओव्हिडचा उपयोग शक्य तेथे टाळल्याचे त्यांनी नमूद केले आहे. प्रत्येक कथेच्या आरंभी ती कोणत्या कवीवरून घेतली हे त्या सांगतात. शालेय पुस्तकात ही शिस्त दुर्मिळच म्हणावी लागेल.

१९६३ मध्ये ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील धार्मिक बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले; मात्र साहित्य वा इतिहास म्हणून धर्मग्रंथांचा तटस्थ अभ्यास करण्यास आडकाठी नसल्याचेही स्पष्ट केले. त्यानंतरच्या दशकात इंग्रजीच्या छोट्या ऐच्छिक अभ्यासक्रमांची लाट आली आणि तिच्यात पुराणकथांचे वर्गही होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉमन कोअर’ या, अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या शालेय अभ्यासाच्या मानकांत चौथीच्या पातळीवर पुराणपात्रांवरून आलेल्या शब्दप्रयोगांचा अर्थ लावणे अपेक्षित आहे. नववी-दहावीच्या पातळीवर लेखक जुन्या सामग्रीचे रूपांतर कसे करतो हे अभ्यासावयाचे असून त्यासाठी शेक्सपिअरने ओव्हिडकडून घेतलेल्या विषयाचे उदाहरण दिले आहे.

आधारग्रंथ आणि पाठभेद : वर्गात कथा बहुधा एकाच, ठाम स्वरूपात सांगितली जाते, आधारग्रंथांत ती तशी नसते. डिमीटरची कन्या पर्सेफोनी हिचे पाताळाचा अधिपती हेडीस हरण करतो; तेथे डाळिंबाचे दाणे खाल्ल्यामुळे तिला दर वर्षी काही काळ परत जावे लागते, ही ऋतुचक्राची कथा जवळजवळ प्रत्येक वर्गात येते. तिने सहा दाणे खाल्ले म्हणून सहा महिने पाताळात, असे अनेक शालेय पुस्तके सांगतात. कथेचा सर्वांत जुना सविस्तर पाठ असलेल्या ‘डिमीटर स्तोत्रा’त (इ. स. पू. सातवे वा सहावे शतक) डाळिंबाचा एकच दाणा आहे आणि पाताळवास वर्षाच्या एक-तृतीयांश काळाचा आहे. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसीस’ या काव्यात (इ. स. सु. ८) सात दाणे आहेत, त्याच्याच ‘फास्ती’ या पंचांगकाव्यात ते तीन होतात. सहा ही संख्या यांपैकी कोठेच नाही. ओव्हिड ‘मेटामॉर्फसीस’मध्ये वर्षाची निम्मी वाटणी करतो, तिच्याशी दाण्यांची संख्या जुळवून घेण्यातून ती पुढे केव्हातरी रूढ झाली असावी. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डिमीटर स्तोत्राचे एकमेव हस्तलिखित १७७७ मध्ये मॉस्को येथे सापडले. तोपर्यंत पश्चिम युरोपातील वाचकांना ही कथा ठाऊक होती ती मुख्यतः लॅटिन कवींमुळे. शाळांत ओव्हिडची छाया इतकी दाट का, याचे उत्तर काही अंशी यात सापडते.

मेड्यूसाची कथाही अशीच आहे. हेसिअडच्या काव्यात ती गॉर्गन नावाच्या तीन भयंकर राक्षसी भगिनींपैकी मर्त्य असलेली एक आहे आणि जन्मापासूनच त्या कुळातील आहे. ओव्हिडकडे ती एक रूपवती कन्या असून समुद्रदेव नेपच्यूनने मिनर्व्हा देवीच्या मंदिरात तिच्यावर अत्याचार केल्यानंतर देवी शिक्षा देते ती तिलाच, तिच्या केसांचे सर्प करून. हे दोन पाठ शेजारी ठेवून वाचल्यास कथा कोण, केव्हा आणि कशासाठी सांगतो हा प्रश्न विद्यार्थ्याला आपोआप पडतो. दोन्हींची सरमिसळ करून सांगितल्यास तो पडत नाही. क्यूपिड व सायकी यांची कथा तर इ. स. दुसऱ्या शतकातील लॅटिन लेखक ॲप्युलियस याच्या आधी सलग कथारूपात आढळत नाही. तरी ती ‘ग्रीक कथा’ म्हणून सर्रास शिकविली जाते. कथांचा उपलब्ध असलेला सर्वांत पद्धतशीर प्राचीन ग्रीक संग्रह ‘बिब्लिओथेका’ हा होय. तो पूर्वी इ. स. पू. दुसऱ्या शतकातील अथेन्सच्या ॲपोलोडोरसचा मानला जाई. आता त्याचा काळ सामान्यतः इ. स. पहिले किंवा दुसरे शतक असा धरतात आणि त्याच्या कर्त्याचा उल्लेख ‘छद्म-ॲपोलोडोरस’ असा करतात.

झ्यूस म्हणजे ज्यूपिटर, हीरा म्हणजे जूनो अशा जोड्यांचा तक्ता पाठ करणे हा वर्गातील ठरलेला प्रघात आहे. तो सोयीचा आहे, पण काहीसा दिशाभूल करणारा. अपोलोला रोममध्ये वेगळे नाव नाही, तर दारांचा व आरंभाचा रोमन देव जेनस याला ग्रीक जोडीदार नाही. रोमन युद्धदेव मार्सचा मान ग्रीक युद्धदेव एरीझच्या वाट्याला कधी आला नाही. बारा ऑलिंपियनांच्या यादीतही बारावी जागा हेस्टियाची की डायोनायससची याबाबत एकवाक्यता नाही. चाचणीत मात्र एकच उत्तर बरोबर धरले जाते.

लॅटिनच्या विद्यार्थ्यांची ‘नॅशनल ज्युनिअर क्लासिकल लीग’ ही संघटना १९३६ पासून कार्यरत आहे. तिच्या ‘सर्टामेन’ या घंटी दाबून उत्तर देण्याच्या सांघिक स्पर्धेत पुराणकथांवर स्वतंत्र प्रश्न असतात. याखेरीज शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘नॅशनल मिथॉलॉजी एक्झाम’ व ‘मेड्यूसा मिथॉलॉजी एक्झाम’ या ऐच्छिक परीक्षा घेतल्या जातात. महाविद्यालयीन श्रेयांक मिळवून देणाऱ्या एपी लॅटिन परीक्षेतून ओव्हिड २००९ नंतर वगळला गेला. व्हर्जिलचे ‘ईनिड’ टिकून आहे.

वाद : देवांनी मर्त्य स्त्रियांवर केलेली जबरदस्ती या कथांत वारंवार येते. सदभिरुचीला व नीतीला न शोभणारा मजकूर वगळल्याचे बुलफिंचने उघडपणे सांगितले होते. नंतरच्या अनेक शालेय पुस्तकांनी तेच केले, फक्त सांगितले नाही. अलीकडे असे प्रसंग सौम्य न करता, पण वयाचा विचार करून वाचावेत याकडे कल दिसतो. दुसरा वाद पद्धतीचा आहे. सर्व वीरकथा घर सोडणे, संकटे व परतणे अशा एकाच टप्प्यांनी जातात, हा जोसेफ कॅम्बेल या अमेरिकन पुराणकथा-अभ्यासकाने १९४९ मध्ये मांडलेला ‘वीराच्या प्रवासा’चा साचा वर्गांत फार लोकप्रिय आहे, कारण पर्सियस असो की ओडिसियस, एकाच आकृतीत टप्पे भरून गृहपाठ पुरा होतो. अभिजात भाषांचे अभ्यासक त्याकडे साशंकतेने पाहतात आणि त्यांचा आक्षेप रास्त आहे, कारण साच्यात न बसणारा तपशीलच पुष्कळदा त्या कथेचे वैशिष्ट्य असतो. हेराक्लीझने वेडाच्या भरात स्वतःची मुले मारणे, हे याचे ठळक उदाहरण. हा विषय ‘जागतिक पुराणकथा’ असा विस्तारला की रामायण-महाभारतातील भागही त्यात येतात. ज्यांची उपासना दीर्घकाळ खंडित झाली त्या दैवतांच्या पंक्तीत हयात धर्मपरंपरेच्या कथा बसविणे योग्य आहे काय, हा प्रश्न तेथील भारतीय वंशाच्या कुटुंबांना, त्यांत मराठी कुटुंबेही आली, जवळचा वाटणे साहजिक आहे.

अन्य देश : ग्रीसमध्ये पुराणकथा प्राथमिक शाळेच्या तिसरीत इतिहासाच्या आरंभी येतात, पुढे ‘ओडिसी’ व ‘इलियड’ आधुनिक ग्रीक भाषांतरातून वाचली जातात. इटलीत महाकाव्यांचे वाचन मातृभाषेच्या अभ्यासाचा भाग असते. इंग्लंडमध्ये ‘क्लासिकल सिव्हिलायझेशन’ या परीक्षाविषयात मूळ भाषा न शिकता ‘पुराणकथा व धर्म’ हा घटक घेता येतो. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत हा स्वतंत्र विषय नाही. मिल्टन वा कीट्स यांच्या कवितांतील संदर्भांच्या निमित्ताने तो प्रामुख्याने इंग्रजी साहित्याच्या महाविद्यालयीन वर्गात भेटतो, आणि तेथेही बहुधा तळटिपांपुरताच.