मांजर घालवलं म्हणजे बाळ वाचलं?
"घरात मांजर असेल तर गरोदर बाईच्या बाळाला टॉक्सोप्लाझ्मा होतोच," असा मेसेज फिरतो. मांजराच्या विष्ठेतून हा परजीवी पसरतो, हे खरं. पण ताजी विष्ठा लगेच संसर्ग देत नाही, त्याला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज, शक्यतो दुसऱ्याने साफ करावा. अर्धकच्चं मटण, न धुतलेल्या भाज्या हेही मार्ग आहेतच.

बाळाला मुख्य धोका आईला गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर. एचआयव्ही असलेल्या आईचं थोडं वेगळं: सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) १००च्या खाली गेलं, तर जुनी सुप्त लागण जागी होऊन क्वचित बाळापर्यंत पोचते. तिथे मांजर हाकलून काय होणार? रक्तात आयजीजी (लागणीनंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या अँटीबॉडी) तपासावं. फक्त तेच पॉझिटिव्ह असेल तर बहुधा जुना संपर्क. आयजीएमही (लागणीनंतर आधी तयार होणाऱ्या अँटीबॉडी) आलं, तर लागण नवी की जुनी हे ठरवायला एव्हिडिटी चाचणी. एआरटी (एचआयव्हीची औषधं) चुकवू नये; सीडी४ कमी असल्यास सुप्त लागण जागी होऊ नये म्हणून डॉक्टर कोट्रायमोक्साझोल हे औषध देतात.