भागाकारातून निघालेला झपताल

तालाच्या 10 मात्रा (काळाचे सारखे तुकडे) आहेत आणि त्यांत 4 ठोके बसवायचे आहेत. अट एकच, ठोक्यांमधलं अंतर होता होईल तो सारखं हवं. 10 ला 4 ने पूर्ण भाग जात नाही, सगळी गंमत तिथेच आहे.

संगणकाला हे असं शिकवतात. 4 ठोके मांडा, 6 मात्रा रिकाम्या राहतात. प्रत्येक ठोक्यामागे एकेक रिकामी मात्रा लावली की 2 उरतात. त्या पहिल्या दोन जोड्यांना द्या. आता गट झाले 3, 3, 2, 2. शेवटचे दोन लहान गट एकेका मोठ्या गटामागे सरकवा: 3, 2, 3, 2. मोजायला दुसऱ्या गटापासून सुरुवात करा: 2, 3, 2, 3. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. हा तर झपताल!

मी हे वहीत मांडून पाहिलं तेव्हा थांबवेना. 7 मात्रांत 3 ठोके घातले की फिरवून 3, 2, 2 मिळतात, म्हणजे रूपक तालाचे विभाग (मात्रांचे गट). 14 मध्ये 4 घातले की 3, 4, 3, 4, म्हणजे दीपचंदी ताल.

उरलेलं पुन्हा वाटत जायची ही रीत शाळेत मसावि काढताना आपण भागाकाराने करतो तीच. युक्लिडने ती सुमारे 2300 वर्षांपूर्वी लिहून ठेवली. अमेरिकेतल्या न्यूट्रॉन निर्माण करणाऱ्या एका यंत्रणेत विद्युत स्पंदनं शक्य तितक्या समान अंतराने पेरण्यासाठी संशोधक ब्योर्कलुंड यांनी अशीच कृती रचली. तिच्यातून जगभरातले अनेक पारंपरिक ठेके निघतात, हे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड तूसाँ यांनी 2005 मध्ये दाखवलं. क्यूबाचा 3, 3, 2 हा ट्रेसिलो ठेका म्हणजे 8 मध्ये 3 ठोके. आज्ञा लिहून संगीत वाजवण्याच्या ‘सॉनिक पाय’ या मोफत संगणक प्रणालीत हे काम ‘स्प्रेड’ नावाची एकच आज्ञा करते. ठोके आणि मात्रा सांगा, ठेक्याचा आराखडा तयार मिळतो.

टाळी (टाळी देऊन दाखवायचा विभाग) आणि खाली (टाळीविना दाखवायचा विभाग) यांतला फरक या गणिताला कळत नाही. धी, ना हे बोलही कळत नाहीत, ते तबलजीचेच. आणि धमार ताल त्याला मुळीच सापडत नाही. धमाराच्याही मात्रा 14 आणि विभाग 4, पण ते पडतात 5, 2, 3, 4 असे. संगणकाला 14 आणि 4 हे आकडे कितीदाही द्या, ठेका कुठूनही फिरवा, हाती दीपचंदीच येते.