बीडीएसचं कर्ज: शिकताना व्याज लागत नाही?

'मुलगी शिकतेय तोवर एज्युकेशन लोनवर व्याज नाही,' असं बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, प्रवेश घेणाऱ्यांच्या पालकांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. सूट असते ती हप्त्याला. व्याज पहिली रक्कम कॉलेजला जाते त्या दिवसापासून चढू लागतं.

कागदावर मांडून बघाच. दरवर्षी सुरुवातीला ४ लाख, अशी चार वर्षं; १० टक्के सरळव्याज. इंटर्नशिपसह पाच वर्षं आणि वर सवलतीचं एक. पहिल्या ४ लाखांवर सहा वर्षांचं व्याज, शेवटच्यांवर तीन वर्षांचं. एकूण ७ लाख २० हजार. म्हणजे पहिल्या हप्त्याआधीच १६ लाखांचे २३ लाख २० हजार झाले, आणि क्लिनिकची डेंटल चेअर अजून घ्यायचीच आहे!

केंद्राचं व्याज अनुदान आहे, पण त्याला कौटुंबिक उत्पन्नाची अट आहे. त्यात बसत नसाल, तर निदान व्याज तरी दरमहा भरत जा.