तवा तापवल्याने मांसातला रस कोंडत नाही

घरी स्टेक फहिता (तव्यावर भाजून पातळ कापलेलं मांस पोळीत गुंडाळून खायचा टेक्सास-मेक्सिकोकडचा पदार्थ) करणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला हमखास मिळतो: तवा चांगला तापवा, मांसावर कवच धरतं आणि रस आतच कोंडतो. पहिला भाग बरोबर, दुसरा साफ चूक. हे कवच जलरोधक नसतं. मांस टाकल्यावरचा तो चर्रर्र आवाजच सांगतो की रस बाहेर येतोय आणि त्याची वाफ होतेय. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांनी 1847च्या सुमारास ही समजूत रूढ केली; प्रयोगांनी ती कधीच खोडली, पण स्वयंपाकघरातून ती काही हलत नाही.

मग बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवायचा कशाला? चवीसाठी. साधारण 140 अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखर यांची अभिक्रिया होऊन तो तपकिरी, खमंग थर येतो. ओलं मांस 100 अंशांवरच अडकतं, म्हणून लिंबू-जिरं-लसणाचं वाटण निपटून, तुकडा कोरडा करूनच टाकावा. तव्यावर गर्दी केलीत तर भाजणं राहतं बाजूला, रस्सा होतो.

रसाळपणा ठरतो तो आत किती शिजवलं यावर.

टेक्सासात फहितासाठी गाईच्या पोटाकडचा धागेदार पट्टा घेतात. महाराष्ट्रात 2015पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे पुण्यात म्हशीचंच मांस. खाटकाकडे अंडरकट (पाठीच्या आतल्या बाजूचा मऊ तुकडा) मागा, महाग पडला तरी. भाजून पाच मिनिटं ठेवा आणि धागे कुठे धावतायत ते बघून त्यांना आडवं, पातळ कापा. उभं कापलंत तर चावत बसाल, आणि दोष उगाच तव्याला द्याल.