व्हिटॅमिन डीची कमतरता

व्हिटॅमिन डीची कमतरता म्हणजे शरीरात ड जीवनसत्त्व गरजेपेक्षा कमी असणं. रक्ताच्या तपासणीत २० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आकडा आला की साधारणपणे कमतरता धरतात.

सातारा-सांगलीकडं हे सांगितलं तर आधी कुणाला पटत नाही, कारण माण-खटाव म्हणा नाहीतर जत-आटपाडी, ऊन तर मरणाचं असतं. पण ऊन अंगणात पडून उपयोग नाही, ते कातडीवर पडायला लागतं. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी कातडीत हे जीवनसत्त्व बनतं, मग लिव्हर आणि नंतर किडनी त्याला कामाच्या रूपात आणतात. हळदीच्या किंवा द्राक्षाच्या रानात दिवसभर राबणारी बाई साडीवर फुल बाह्यांचा शर्ट घालते, तोंडाला स्कार्फ बांधते, मग किरण पोचणार कुठून, आणि दुकानात-ऑफिसात काचेआड बसणाऱ्याचंही तेच, खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळे अडवते. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. महाबळेश्वर, कोयना भागात पावसाळाभर ढग असतात ते वेगळंच.

सगळ्यात मोठा गैरसमज कोवळ्या उन्हाचा. सकाळी ७ च्या उन्हात यूव्हीबी फार कमी असतात, ते मिळतात साधारण ११ ते २ च्या दरम्यान, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हा. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसलं तरी चालतं, कातडी भाजेपर्यंत बसायचं नाही.

हे जीवनसत्त्व कमी पडलं की आतडी खाण्यातलं कॅल्शियम नीट घेत नाहीत, मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडातून काढतं. लहान मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्यांची हाडं मऊ पडतात, कंबर, मांड्या दुखतात, जिना चढताना पायात जोर राहत नाही, खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. घरातल्या बाया हे वर्षानुवर्षं "वय झालं" म्हणून अंगावर काढतात आणि ते खरंच वाईट आहे, कारण वेळेत कळलं तर यावर साधा, स्वस्त इलाज आहे.

जेवणातून फार मिळत नाही. अंड्याचा बलक, तेलकट मासे यात असतं, साध्या दुधात फारच थोडं, म्हणून काही पिशवीच्या दुधात आणि खाद्यतेलात ते वरून घालतात, त्यावर '+एफ' ची खूण असते.

डॉक्टर बहुतेकदा ६०,००० युनिटचं पाकीट किंवा गोळी आठवड्यातून एकदा, साधारण ८ आठवडे देतात. पुढं मात्र मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्महिने घेत राहू नये. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जादा झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, उलट्या, सारखी तहान लागणं सुरू होतं आणि किडनीला इजा होऊ शकते, त्यामुळं ज्यांना आधीच मुतखडा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी पहिलं पाकीट घ्यायच्या आधीच डॉक्टरांना तसं सांगावं.