गर्भाशयमुखाच्या तपासणीचा निरोप: परंडा-भूमपासून मोबाइलपर्यंत

1987 मध्ये बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या खेड्यांत कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवायला सुरुवात झाली. भारतातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण परंडा आणि भूम मराठवाड्यातले. शहरात अशी नोंद दवाखान्यांच्या कागदांवरून होते. इथे बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतं का, संबंधानंतर रक्त जातं का, अंगावरून घाण वासाचं पाणी जातं का, ही लक्षणं समजावून सांगत राहिले. काही वर्षांतच या भागातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे नोंदलं आहे. तेव्हा गावात तपासणीची मोहीम नव्हती. ओळखीचं झालेलं माणूस पुन्हा पुन्हा येऊन सांगत होतं, एवढंच. आज मोबाइलवरून तपासणीचा जो प्रचार करायचा आहे, त्याचं मूळ आमच्या मते इथे आहे.

या ओळखीवरच पुढचं मोठं काम उभं राहिलं. ऑक्टोबर 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावांचे 52 समूह पाडून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे काम. या समूहांचे चार गट केले. एका गटाला एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्याला व्हिनेगरची चाचणी (व्हीआयए) आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी एकदाच झाली, पुढची आठ वर्षं नोंद ठेवली गेली. 2009 मध्ये निकाल आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात पुढच्या टप्प्यातले कॅन्सर 39, चौथ्या गटात 82. मृत्यू 34 आणि 64. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र एवढा ठळक फरक दिसला नाही. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर नंतर कडक टीका झाली, आणि त्या 64 मृत्यूंकडे पाहता ती होणं रास्तच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. जगभरच्या ज्या पुराव्यावर ही दिशा ठरत गेली, त्यात या खेड्यांतल्या बायकांचा मोठा वाटा आहे. तो त्यांच्या लेकी-सुनांना मात्र क्वचितच कोणी सांगितला.

सरकारी दवाखान्यात भर आहे तो व्हिनेगरच्या चाचणीवर. 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शिकेनुसार 30 ते 65 वयाच्या बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. स्पेक्युलमने (योनिमार्ग उघडा धरायच्या उपकरणाने) गर्भाशयमुख उघडं करायचं, 3 ते 5 टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लात, भिजवलेला कापसाचा बोळा लावायचा, घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा, दाट दिसू लागतो. मिनिटभर न थांबता 20 सेकंदांत बघितलं तर डाग उमटायच्या आतच ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. 5 टक्क्यांचं द्रावण म्हणजे 95 मिली पाण्यात 5 मिली ग्लेशियल (पाणी न मिसळलेलं) ॲसिटिक ॲसिड, आणि ते रोज ताजं करायचं. शिळं कमजोर पडतं, तीव्र राहिलं तर भाजतं. पाळी गेलेल्या बाईत तपासायचा भाग आत सरकतो, तिथे ही चाचणी भरवशाची राहत नाही. पाळी चालू असताना करायची नाही. आदले एक-दोन दिवस संबंध आणि आत ठेवायची औषधंही टाळायची.

हे सगळं कागदावर असूनही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत जेमतेम दोघींनी ही तपासणी कधीतरी करून घेतली होती.

मराठवाड्यात या आकड्यामागे आणखी एक जखम आहे. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण पुढे आलं. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातं म्हणून गेलेल्या किती तरी जणींना ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली होती. म्हणून या भागात ‘कॅन्सर’ हा शब्द मोठ्या लाल अक्षरात टाकलेलं पोस्टर काय करतं, याचा विचार आधी करावा लागतो. भ्यालेली बाई तपासणीला येईलच असं नाही, ती थेट ऑपरेशनच्या टेबलावरही जाते. तपासणीत बदल सापडला तर बहुतेक वेळा फक्त तो भाग गोठवून किंवा उष्णतेने काढतात आणि पिशवी जागेवर राहते. ही ओळ प्रत्येक संदेशात हवीच.

2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि व्हॉट्सॲप बचतगटांपर्यंत पोचलं. फेब्रुवारी 2024 मध्ये एका अभिनेत्रीच्या खात्यावरून तिचा या कॅन्सरने मृत्यू झाल्याची खोटी बातमी पसरवली गेली, आणि दुसऱ्या दिवशी ती जनजागृती होती असा खुलासा आला. आजाराचं नाव सगळ्यांना कळलं, पण तपासणी कुठे आणि कधी होते हे कोणालाच कळलं नाही. आम्हाला तो मार्ग चुकीचा वाटतो. ज्या घरात खरंच कोणी या आजाराने गेलं आहे, त्या घराचा विचार त्यात नव्हता.

गावात चालतो तो आशाताईच्या आवाजातला 40 सेकंदांचा व्हॉइस मेसेज. ‘बुधवारी सकाळी दहा ते एक, आपल्या आरोग्य केंद्रात. सिस्टरच तपासणार, दार बंद असतं. पाच-दहा मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. पाळी चालू असेल तर पुढच्या बुधवारी या.’ वाचता न येणाऱ्या बाईलाही तो कळतो. मात्र सोबत तारीख आणि साल पूर्ण लिहावं. ‘येत्या बुधवारी’ असा मेसेज सहा महिने फिरत राहतो आणि बाई दिवसाची मजुरी बुडवून रिकाम्या केंद्रावर येते. एचपीव्ही संबंधातून पसरतो एवढंच सांगितलं की घरात संशय शिरतो. हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी होतो, बहुधा दोन वर्षांत आपोआप जातो, आणि टिकून राहिला तरी कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, हे त्याच दमात सांगावं. शिबिराचे चेहरे दिसणारे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला जातात, त्या गुढीपाडव्याच्या आसपास परततात. बीड, धाराशिवमधल्या ऊसतोड गावांत जानेवारीत, म्हणजे या कॅन्सरच्या जागृती महिन्यातच, शिबिर ठेवलं तर गावात म्हाताऱ्या आणि लेकरंच भेटतात. मे-जून बरा.

निकाल पॉझिटिव्ह आला तर तो फोनवर पाठवू नये. नोंदवलेला नंबर बहुधा नवऱ्याचा नाहीतर पोराचा असतो. ‘सिस्टरने बोलावलंय’ एवढाच निरोप द्यावा, आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात पुढच्या तपासणीला जाताना आशाताईने सोबत जावं.