इंजिनाला विश्रांती मानवत नाही

लिंकन कोर्सेर ग्रँड टूरिंग ही अमेरिकेतली महागडी एसयूव्ही. रात्री घरी चार्जिंगला लावायची, दिवसा साधारण ४५ किलोमीटर विजेवर हिंडायचं, आणि लांब जायचं असेल तर २.५ लिटरचं पेट्रोल इंजिन आहेच. घर ते ऑफिस एवढीच धाव असणाऱ्याला पेट्रोल पंपाचं तोंड क्वचितच बघावं लागतं. मग एके दिवशी, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, इंजिन आपणहून सुरू होतं आणि बंद व्हायचं नाव घेत नाही. पडद्यावर ओळ झळकते: ऑइलच्या देखभालीसाठी इंजिन चालू आहे. विजेवर चालायला जादा पैसे मोजलेला मालक वैतागतो आणि गाडी बिघडली म्हणून तक्रार करतो. फोर्डच्या (लिंकन हा फोर्डचाच ब्रँड) अशा प्लग-इन, म्हणजे चार्जिंगवरही आणि पेट्रोलवरही चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांची ही जुनीच तक्रार आहे, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा इथे काहीच बिघडलेलं नसतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर ते धुरांड्यातून निघून जातं. थंड इंजिनात मात्र थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये उतरते. पेट्रोलचंही तसंच. थंड सिलिंडरमध्ये त्याची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीतला संगणक जरा जास्तच पेट्रोल सोडतो. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि ओघळून ऑइलला मिळतं. साध्या गाडीत याची काळजी करावी लागत नाही. अर्धा-पाऊण तास महामार्गावर पळवली की ऑइल शंभर अंशांच्या घरात तापतं आणि पाणी, पेट्रोल दोन्ही उडून जातात.

प्लग-इन गाडीतलं इंजिन जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला म्हणून दोन मिनिटं चालतं आणि परत झोपतं. ऑइल कोमट होण्याआधीच काम संपलेलं. असं महिनाभर चाललं की ऑइल पातळ होतं, त्याची वंगणाची ताकद घटते आणि ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट, लोण्यासारखा फेस धरतो. शिवाय महामार्गावर शिरताना या थंड इंजिनावर काही सेकंदांत पूर्ण भार येतो. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या नियमांत प्लग-इन गाड्यांच्या नेमक्या याच क्षणाच्या धुरासाठी वेगळी मर्यादा घातली होती.

म्हणून गाडीचा संगणक ऑइलमध्ये किती पेट्रोल उतरलं असेल याचा हिशेब ठेवतो आणि प्रमाण वाढलं की इंजिन तापवायला घेतो. मालक दहा मिनिटांत घरी पोचून गाडी बंद करतो. हिशेब अर्धवट राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तक्रार ‘चार दिवस झाले, थांबतच नाही’ अशी येते ती यामुळे. उपाय एक तर लांबची एक चक्कर, नाहीतर ऑइल बदलणं. शंका असेल तर डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून बघावी. ऑइलची पातळी कमी झाली तर चिंता करायची हे सगळ्यांना माहीत असतं. इथे ती न भरता वाढली असेल तर ते बहुधा पेट्रोल आहे.

टाकीतलं पेट्रोलही शिळं होतं, बरं का. शेव्हर्ले व्होल्ट या प्लग-इन गाडीत त्यासाठी बंद, दाबाखालची टाकी दिली होती आणि पेट्रोल साधारण वर्षभर जुनं झालं की गाडी स्वतःच इंजिन चालवून ते संपवायला लागायची.

पण मालकांची प्रत्येक तक्रार अशी निरुपद्रवी नसते. जुलै २०२२ मध्ये फोर्डने अमेरिकेत एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलावल्या. त्यांत फोर्ड एस्केप आणि मॅव्हरिक यांच्या जोडीला कोर्सेरही होती, आणि इंजिन हेच, २.५ लिटरचं. उत्पादनातल्या दोषामुळे काही इंजिनं आतून निकामी होत, ऑइल आणि पेट्रोलची वाफ बाहेर पडून तापलेल्या भागांपाशी साठे आणि पेट घेऊ शके. मालकांना सूचना होती: इंजिनातून विचित्र आवाज आला, ताकद कमी वाटली किंवा धूर दिसला, तर शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा.

फोर्डच्या या गाड्यांत इंजिन आणि दोन विद्युत मोटर एकाच ग्रहमालेसारख्या गिअरने जोडलेले असतात. वेगळा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवण्याचं काम मोटरच करते. साध्या गाडीत इंजिन फुटलं की गाडी रखडते, चालकाला कळतंच. इथे मोटर गाडी ओढत राहते, इतकंच नाही तर मोडलेलं इंजिनही फिरवू शकते आणि ऑइल बाहेर फेकलं जात राहतं. गुळगुळीत चालणं हा या गाडीचा मोठा गुण. तोच इथे आजार झाकून ठेवतो.

फोर्डचा पहिला इलाज तर हसू यावं असा होता. इंजिनाखालचं आवरण आणि पुढच्या जाळीमागच्या झडपा यांत मोकळी जागा करायची, म्हणजे सांडलेलं तेल खाली गळून जाईल आणि वाफ साठणार नाही. इंजिन मोडू नये यासाठी त्यात काहीच नव्हतं. २०२३ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या, आधी दुरुस्त केलेल्याही. या वेळी सॉफ्टवेअर बदललं: इंजिन निकामी होतंय हे गाडीने स्वतः ओळखायचं आणि ताकद उतरवायची. तोवर ते ओळखण्याचं काम चालकाच्या कानांवर होतं.